बिसेनबाई आणि एकतीस किलो

माझ्या दुकानाच्या छताला एक पिवळी नाव टांगलेली आहे. दुकान मोटारी रिवाइंडिंगचं, गोंदियात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. शेतावरचा पंप जळला की लोक माझ्याकडे आणतात आणि मोटार खाली ठेवायच्या आधी मान वर करून विचारतात, "भैया, ये क्या लटका के रखा है?" कोणी पाण्याची टाकी म्हणतो, कोणी घसरगुंडी. एकानं तर विचारलं, "मगर है क्या?" पहिले काही महिने मी नीट सांगायचो. आता माझं डोकं फिरतं. आता म्हणतो, "एकतीस किलो है," आणि पाना हातात घेतो. ज्याला कळायचं त्याला कळतं, कारण वजनावरून नाव ठेवायची खोड आमच्या गल्लीत एकाच बाईला होती.

बिसेनबाईंना. बाई गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील.

बाई नर्स होत्या. देवरी तालुक्यात, चिचगडच्याही पुढे, जंगलातल्या एका उपकेंद्रावर त्यांनी सगळी नोकरी काढली. तिथं बदली झाली की लोक रडत जातात. ही बाई तिथून बदली होईल म्हणून रडायची. नवरा लवकर वारला, मुलगी शिकून पुण्याला गेली, आणि निवृत्त झाल्यावर बाई माझ्या दुकानापासून चौथ्या घरात राहायला आल्या. उंची जेमतेम पाच फूट. चाल मात्र अशी, की कुठंतरी बाळंतीण अडलेली आहे आणि रस्त्यातले आपण सगळे उगाच मधे उभे आहोत.

बाईंच्या हातून जन्मलेल्या पोरांची गणती नव्हती. नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, वजनं मात्र एकूण एक पाठ. एकदा भरबाजारात एक पुढारी चालला होता. पांढरे कपडे, काळा चष्मा, मागं चार माणसं. बाईंनी वांग्याच्या ढिगामागून हाक मारली, "अरे ए पावणेदोन किलो!" तो पुढारी थबकला, चष्मा काढला आणि सगळ्यांदेखत वाकून पाया पडला.

"बाई, आता नव्वद किलो झालो."

"दिसून राह्यलं. गाडी सोड, पायी जा घरी."

मी काही त्यांच्या हातून जन्मलो नव्हतो. मी बिरसी गावचा, घरीच झालेलो. पण बाईंना माणसाचं जन्माचं माप माहीत नसलं की चैन पडत नसे. त्यांनी माझ्या आईला गाठून विचारलं. आई म्हणाली, काटा कुठला बाई तेव्हा, सुपात ठेवला तं सूप भरलं. झालं. त्या दिवसापासून मी 'सूपभर'. पन्नाशीचा माणूस, टक्कल पडलेलं, दुकानात दोन गिऱ्हाईकं बसलेली, आणि बाहेरून हाक यायची, "सूपभर, हायेस का रे?"

दुसरी खोड, 'दाखव'. काही बिघडलं म्हटलं की बाई हात पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "दाखव." सुजलेला पाय असो, फाटलेली सातबाऱ्याची नक्कल असो, जळलेली मोटार असो. मोटारीतलं त्यांना ढेकळं कळत नव्हतं, तरी तळहात ठेवून बघायच्या.

आणि तीन प्रश्न. एकदा माझी बायको रुसून माहेरी गेली. मी दुकानात तोंड पाडून बसलेलो. बाई आल्या.

"जेवला का? झोपला का? पोट साफ झालं का?"

मी चिडलो. म्हटलं, "बाई, माझी बायको गेली आणि तुम्ही पोटाचं काय विचारता?"

"तिन्ही होय असंन तं जा, घेऊन ये तिले. एक बी नाही असंन, तं आधी ते कर. उपाशी माणूस माफी मांगाले गेला का भांडण करून येते."

मी जेवलो, झोपलो, सकाळी गेलो, घेऊन आलो. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

अशी ही बाई पाण्याला भ्यायची. म्हणजे किती? लहानपणी विहिरीत पडल्या होत्या. काढेपर्यंत जो वेळ गेला, तो जन्मभर अंगात राहिला. डोक्यावरून तांब्या ओततानासुद्धा एक हात भिंतीला. आणि सरकारनं त्यांना दिलं काय, तर तलावाच्या काठचं उपकेंद्र! जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातला तलाव, पल्याडचा काठ धुक्यात दिसू नये एवढा. गाव या काठाला, टोला म्हणजे गावाची वाडी त्या काठाला. उन्हाळ्यात फेरा मारून जाता यायचं. पावसाळा लागला की नाले रस्ता तोडायचे, मग एकच वाट उरायची, डोंगा. डोंगा म्हणजे अख्खं झाड कोरून केलेली नाव. उजवीकडे शिंकलं तर डावीकडे कलते.

डोंगा होता फागूचा. फागू ढीवर, मासे धरणारा, बाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, काटकुळा. पहिल्या दिवशी बाईंनी डोंग्यात पाय ठेवला आणि डोळे गच्च मिटले.

"काऊन बाई, डोळे दुखते का?" फागूनं विचारलं.

"तू चाल. आलं म्हणजे सांगजो."

फागू समजला. हसला नाही. वल्हवता वल्हवता तो बोलायला लागला. "आता धसकटं गेली बाई. आता कमळं आली, पानं घासून राह्यली डोंग्याले, तोच आवाज हाये, भिऊ नोका. आता मधातलं पानी, बदकं बसले हायेत. आता बुडालेलं बेहड्याचं झाड. आता आलो." 'आता आलो' ऐकलं की बाई डोळे उघडायच्या आणि उतरून टोल्याकडे चालू लागायच्या. येताना पुन्हा तेच, उलट्या क्रमानं.

असे तीसेक पावसाळे गेले. बाईंनी तो तलाव किती वेळा पार केला असेल, आणि मधला तलाव त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

एका श्रावणात लसीचा डबा डोंग्यातून घसरला. निळा, थर्मासासारखा बंद डबा. तो तरंगत निघाला. बाईंचे डोळे मिटलेले, त्यांना पत्ता नाही. फागूनं पाण्यात उडी टाकली तर बाई घाबरून उभ्या राहतील आणि डोंगा पालथा होईल. म्हणून तो हळूच, मीठ विरघळावं तसा पाण्यात उतरला, पोहत जाऊन डबा आणला, एका हातानं डोंग्याची शेपटी धरली आणि पाय मारत ढकलत राहिला. आणि तोंडानं चालूच, "आता कमळं आली बाई... आता बेहडा..." बाईंना आवाज जरा खालून येतोय असं वाटलं, एवढंच. 'आता आलो' म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले. डोंग्यात त्या एकट्या, आणि फागू गळाभर पाण्यात, डोक्यावर डबा धरून उभा.

ही गोष्ट बाई सांगायच्या तेव्हा शेवटी हसायच्या नाहीत.

निवृत्तीनंतर सहा-सात वर्षांनी त्या गावात साखरपुडा निघाला, 'दोन किलो तीनशे'च्या मुलीचा. बाईंना न्यायला अर्थात माझी जीप. आमच्या गल्लीतलं बाळंतपण, मयत, लग्न, सगळं माझ्या जीपमधून जातं. मी मोटारी भरतो की गल्लीची गाडी चालवतो, हे माझं मलाच कळत नाही.

साखरपुडा आटोपून आम्ही फागूकडे गेलो. अंगणात बैल कुटार खात होते, आणि ज्यातून खात होते तो फागूचा डोंगा. एक तोंड कुजून गळालेलं, म्हणून त्याची गव्हाण केलेली. बाईंनी बैलाचं तोंड बाजूला सारलं आणि डोंग्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

फागू पाळीवर, तलावाच्या बांधावर होता. सून म्हणाली, सकाळी आम्ही नेऊन बसवतो, सांजेला आणतो. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आता काही होत नाही. दगडावर बसून, तोंड पाण्याकडं करून तो ऐकत होता.

"फागूभाऊ," बाई म्हणाल्या.

"बाई! डोळे उघडे हायेत ना?"

"जमिनीवर हायेत उघडे. तू सांग, तुले काय पायजे?"

फागूनं तोंड आवाजाकडं वळवलं. मग म्हणाला, "मले काय पायजे जी! पोरगा चांगला, सून चांगली. एकदा मधात जाऊन येतो मनतो, तं कोनी नेत नाई. आता डोंगे रायले नाईत. पोट्टे टायरच्या ट्यूबवर बसून मासे धरते. मी त्याच्यावर कसा बसू?" आणि हसला. "काठावर बसून ऐकतो. पन मधातलं पानी काठावर आयकू येत नाई, बाई."

परत येताना देवरीला मी चहासाठी गाडी थांबवली, तर बाई कप हातात घेऊन म्हणाल्या, "बुढा उतरला हाये यंदा. पुढच्या दिवाळीची मले खात्री नाही. त्यानं मले तीस पावसाळे नेलं, सूपभर. मले त्याले एकदा नेणं हाये."

"त्याच्या पोराला सांगा की."

"मी नेईन."

"बाई, तुम्ही बादलीला भिता!"

"तेच तं," बाई म्हणाल्या आणि चहा बशीत ओतला.

मुलीनं त्यांना फोनवर पुण्याकडच्या धरणातली एक नाव दाखवली होती. प्लॅस्टिकची, रंगीत, दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं. कयाक म्हणतात. त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला एका खेळाच्या सामानाच्या दुकानात हजर. दिवस आश्विनाचे, ऊन असं की टक्कल भाजून निघावं.

दुकानातली मुलगी चुणचुणीत होती. तिनं पहिल्यांदा एक लांबलचक, निमुळती, लाल नाव दाखवली. "आजी, ये एकदम फास्ट जाती है."

"मले कोठी पळून जायचं हाये का, बेटा?" बाईंनी चप्पल काढली आणि पदर खोचून दुकानाच्या फरशीवरच त्या नावेत बसून बघितलं. पाय एका भोकातून आत घालायचे. बाईंचे कसेबसे गेले, निघताना मात्र मला काखेत हात घालून ओढावं लागलं. "याच्यात बुढ्याचे गुडघे जाणार नाहीत. अन् उलटली तं माणूस आतच राह्यला. दुसरी दाखव."

दुसरी पिवळी. रुंद, बुटकी, वरून मोकळी. आत शिरायचं नाही, वर बसायचं. बसायला दोन खाचा, दोघांसाठी. मुलगी म्हणाली, ही शिकणाऱ्यांसाठी चांगली, डुलते पण उलटत नाही, एकटं माणूसही वल्हवू शकतं, फक्त हळू चालते. बाईंनी तिच्या कडेवर बसून मुद्दाम भार टाकला. मग वाकून बघितलं आणि किंचाळल्या, "अव माय! भोकाची नाव विकतेस का मले?"

तळाला खरंच आरपार भोकं होती. मुलीनं समजावलं, वर पाणी आलं तर त्यातून खाली निघून जातं, नाव पोकळ आणि बंद आहे, बुडत नाही. बाई तोंडी गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हेत. "दाखव." पायरीवर नाव नेली, बादलीभर पाणी ओतलं. पाणी भोकांतून निघून गेलं. बाईंनी दुसरी बादली मागितली. तीही गेली.

"वजन?"

"एकतीस किलो."

बाईंनी एक टोक धरलं, मला दुसरं धरायला लावलं आणि दुकानाला एक चक्कर मारली. "मले उचलता आली पायजे. जे आपल्याले उचलता येत नाही ते घरी आणू नये." मग लाल नावेकडं बघून म्हणाल्या, "तो घोडा हाये. मले म्हैस पायजे. म्हैस पाण्यात बसली का उलटते का?" दोन नारंगी जाकिटं अंगावर घालून, बंद ओढून, एक फागूच्या मापाचं म्हणून माझ्या अंगावर चढवून, खरेदी झाली.

आता माझी शोभा ऐका. मुलीनं नाव बांधायला दोन रुंद पट्टे दिले. म्हणाली, "काका, पालथी ठेवा, खाली मऊ काहीतरी घाला, आणि हातानं ओढाल तेवढंच कसा. जास्त नको." मला हसू आलं. धानाचे भारे बांधण्यात आमच्या सात पिढ्या गेल्या आणि ही नागपूरची पोट्टी मला बांधायला शिकवते! मी पट्टे ठेवले सीटखाली. नाव उताणी जीपच्या लोखंडी कॅरिअरवर ठेवली, बैलगाडीवर धान बांधतात तसा जाड दोर आवळला, दोरात दांडा घातला आणि पीळ देत गेलो. दोर करकरला तेव्हा समाधान झालं.

"लय कसून नाही ना राह्यला?" बाईंनी विचारलं.

"सैल सोडलं तर सांडतं बाई. धानाचं काम आहे हे."

"हे धान नाही, सूपभर."

मी ऐकलं नाही. कोहमाऱ्याला ढाब्यावर जेवायला थांबलो, जीप दोन तास भर उन्हात. गोंदियात पोचून दोर सोडला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. नावेच्या बुडालाही पडला होता. कॅरिअरच्या पाइपाच्या जागी परातीएवढे दोन खड्डे, आत दबलेले. ऊन आणि पीळ, दोघांनी मिळून ती नाव चेंबवली होती.

बाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे भरून आलेले मी त्यांचे पहिल्यांदाच पाहिले. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मी म्हटलं, बाई, मी दुसरी आणतो, मी माझ्या पदरचे... तर त्यांनी हात पुढं केला.

"दाखव."

खड्ड्यावर तळहात ठेवला. बोटांनी कडा चाचपल्या. "फाटलं नाही. चीर नाही. नुसतं दबलं हाये. शेक देऊ."

आणि त्या बाईनं खरोखर त्या नावेला शेक दिला. माझ्या दुकानासमोर, दोन खाटांवर पालथी घालून, दिवसभर उन्हात ठेवायची, आणि दुपारी गरम पाण्यात पंचा बुडवून, पिळून, खड्ड्यावर ठेवायचा. निवला की बदलायचा. गल्ली हसायला जमली. "सिस्टर, बुखार उतरा क्या?" बाईंचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी 'टक्' असा आवाज आला आणि एक खड्डा आपोआप बाहेर आला. थोड्या वेळानं दुसराही. हसणारे जवळ येऊन बघायला लागले. बाईंनी पंचा झटकला आणि मला म्हणाल्या, "झोपला होता का काल?"

"नाही."

"तं जा. झोप आता."

शिकायला आम्ही बिरसीला गेलो, माझ्या भावाच्या शेताजवळच्या बोडीवर. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, कमरेएवढं पाणी. वर आकाशात विमान चालवायला शिकणारी मुलं घरघर करत गिरक्या घेत होती. विमानतळ आमच्याच गावाला असल्यानं सगळे नवशिके आमच्याच डोक्यावर शिकतात. बाई वर बघून म्हणाल्या, "त्यायले आकाशात शिकाले भेटते, तं मले कंबरभर पाण्यात कायचा घोर?" आणि नावेत बसल्या, आणि डोळे मिटले.

नाव जागच्या जागी गोल फिरायला लागली. मी पाण्यात उभा, दोर धरून. "बाई, डोळे!"

"उघडेच हायेत."

"कुठं उघडे आहेत? मला दिसत नाही का?"

आठ दिवस हाच तमाशा. मधे एक दिवस बाई म्हणाल्या, उलटल्यावर काय करायचं ते आधी झालं पाहिजे, आणि मला नाव उलटवायला लावली. मी नाही म्हटलं, त्यांनी माझ्या आईची शपथ घातली. पाण्यातून वर आल्या त्या थरथरत, जाकीट धरून, तोंड पांढरं. काठावर जाऊन ओकल्या. मग पोटावर आडवं पडून, बेडकासारखे पाय मारत नावेवर चढायला शिकल्या. तीनदा. माझा भाऊ धान बघायला आलेला, तो पाळीवरूनच हात जोडून परत गेला.

पण डोळे? त्याचा उपाय बाईंनाच सुचला. "मी बोलत राह्यली तं डोळे उघडे राह्यतीन. न बघता काय सांगू?" आणि त्या मोठ्यानं बोलत वल्हवायला लागल्या. "आता शेवाळ आलं. आता बेंडूक. आता सूपभर, पोट सुटलेला." नाव सरळ चालली. मी पाण्यात उभा राहून टाळ्या वाजवल्या, दोर हातातून सुटला, तरी बाई जात राहिल्या.

कार्तिकात, धान कापणीला आलेलं असताना, आम्ही निघालो. या वेळी नाव पालथी, खाली आईच्या दोन गोधड्या, वर रुंद पट्टे, हातानं ओढले तेवढेच कसलेले, शेपटाला लाल फडकं. दर दहा किलोमीटरला मी थांबून पट्टा चाचपत होतो. रस्त्यानं लोक विचारत होते, "काय हाये जी हे?" बाई खिडकीतून सांगत होत्या, "एकतीस किलो."

गावात पोचलो तर फागूचा पोरगा आडवा आला. तो 'दोन किलो शंभर', बाईंच्याच हातचा. "बाई, बुढ्याले काही झालं तं लोकं मले मनतीन."

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. "तू निळा पडला होतास. रडत नव्हतास. तुझ्या मायनं तुले माझ्या हाती देल्लं का नाही? तुले काही झालं असतं तं लोकं मले म्हणले असते. आता तुझा बाप दे माझ्या हाती."

पोरगा जाकीट घेऊन बापाच्या अंगात घालायला गेला. बंद त्यानं स्वतः बांधले, आणि आपली ट्यूब काढली. "मी मागं राहीन," म्हणाला.

सुनेनं नावेच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. फागूला आणलं. हात अगदी काटक्यांसारखे झालेले. त्यानं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, हातानं मोजली, टिचकी मारून बघितली.

"लाकूड नोहे."

"नाही."

"बाई, भोकं हायेत!"

"राहू दे. पाणी बाहेर जाते."

त्यानं नावेच्या पोटाखालून तळवा फिरवला आणि हसला. "हे तं म्हैस हाये, बाई." बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की जन्मभर विसरणार नाही.

फागूला पुढं बसवला, बाई मागं. मी ढकललं. पोरगा ट्यूबवर, दहा हात मागं. पाणी इतकं गप्प होतं की काठावरून त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी पाळीवरून त्यांच्या बरोबरीनं चालत राहिलो.

ज्याच्यासाठी एवढी घाई केली तो फागू अजून आहे. दिवाळीनंतर मी छतावरून नाव उतरवतो आणि तिकडं नेतो, त्याचा पोरगा त्याला फिरवून आणतो. ज्या घाई करत होत्या त्या बाईच त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेल्या, झोपेत, घरीच. त्याआधी त्या मला कितीतरी वेळा भेटल्या, दुकानात आल्या, माझं पोट साफ झालं का विचारून गेल्या. पण बाई म्हटलं की मला आता तेवढंच दिसतं. नारंगी जाकिटातली पाठ, पांढरा अंबाडा, आणि दोन्ही बाजूला वरखाली होणारं वल्हं.

"आता धसकटं गेली," बाईंचा आवाज येत होता. थोडा कापरा. "आता कमळं आली, फागूभाऊ. फुलं कमी हायेत. पानं लागून राह्यली, तोच आवाज."

"हो. तोच हाये." फागूनं हात खाली सोडला. बोटं पाण्यातून ओढत गेली.

"आता... आता मधातलं पाणी. बदकं बसले हायेत. खूप. काळे, पांढऱ्या पोटाचे. अन् फागूभाऊ, इथं आकाश पाण्यात पडलं हाये रे सगळं. तू हे कधी सांगितलं नाही मले."

बाईंचं वल्हं थांबलं. नाव तशीच तरंगत राहिली, आणि आता बाई डोळे मिटतील असं वाटून मी काठावर श्वास धरून उभा राहिलो.

मग फागूनं पाठीमागं न वळता विचारलं, "बाई, डोळे उघडे हायेत ना?"

"उघडे हायेत, फागूभाऊ," बाई म्हणाल्या. "दोघांचे बी."